पोटातला अ‍ॅन्युरिझम म्हणजे काय? निदान आणि उपचार

आमच्या दिघोरीत (जि. भंडारा) म्हाताऱ्या माणसाचं पोट किंवा कंबर दुखली की आधी गॅसची नाहीतर दुखण्याची गोळी दिली जाते. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. पण एका आजारात असा उशीर जिवावर बेततो. त्याचीच माहिती आज घेऊ.

अ‍ॅन्युरिझम म्हणजे काय?
हृदयातून निघालेली महाधमनी पोटातून खाली जाते. तिथे तिची रुंदी साधारण २ सेंमी असते. भिंत कमजोर होऊन ती फुगली आणि ३ सेंमी किंवा जास्त झाली की त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगवटा येतो ना, तसंच. अल्बर्ट आइन्स्टाईन १९५५ मध्ये हाच फुगा फुटून गेले.

धोका कोणाला?
- ६५ च्या पुढचे पुरुष
- बिडी-सिगारेट ओढणारे
- बीपीचे रुग्ण
- आईवडील किंवा भावंडांना हा आजार असलेले

निदान कसं होतं?
फुटेपर्यंत बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. म्हणून साधी पोटाची सोनोग्राफी महत्त्वाची. ती ध्वनिलहरींवर चालते, त्यात रेडिएशन नसतं. ऑपरेशन ठरवायचं असेल तर सीटी अँजिओग्राफी करतात.

उपचार कोणते?
निर्णय मुख्यतः मापावर ठरतो. लहान फुगा असेल तर बिडी बंद, बीपी ताब्यात आणि ठरावीक काळाने पुन्हा सोनोग्राफी. पुरुषांत ५.५ आणि स्त्रियांत साधारण ५ सेंमीला ऑपरेशनचा विचार होतो. फुगा झपाट्याने वाढत असेल किंवा दुखत असेल तर त्याआधीही.

१. ओपन सर्जरी: पोट उघडून फुगलेल्या जागी डेक्रॉनची कृत्रिम नळी शिवतात.
२. ईव्हीएआर: जांघेतल्या धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट आत सरकवतात. डॉ. हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये अर्जेंटिनात ही पद्धत पोटाच्या अ‍ॅन्युरिझमसाठी वापरली. यात रुग्ण लवकर सावरतो, पण नळीच्या बाजूने रक्त गळतंय का हे पुढे आयुष्यभर तपासावं लागतं.

लक्षात ठेवा
पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ, घाम आणि चक्कर आली तर गोळी देऊन वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा. फुगा फुटल्यावर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत, आणि आमच्यासारख्या गावातून नागपूर गाठायला वेळ लागतो. म्हणून घरात बिडी ओढणारे आजोबा असतील तर सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांना नक्की सांगा, "महाधमनीचं मापही बघा."