पाळीव सशांची शौचसवय
घरात पाळलेल्या सशाला ठरावीक ट्रेमध्ये मलमूत्रविसर्जन करण्याची लावलेली सवय म्हणजे शौचसवय होय. पाळीव ससा हा युरोपीय सशाचा वंशज आहे (भारतातील रानससा वेगळ्या प्रजातीचा). बिळांत कळपाने राहणारा युरोपीय ससा ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग करून आपली हद्द दाखवतो. त्यामुळे ही सवय मुळापासून शिकवावी लागत नाही. सशाने स्वतः निवडलेल्या कोपऱ्यात ट्रे ठेवणे बहुधा पुरते.

ससा खाता खाता लेंड्या टाकतो, म्हणून सुके गवत ट्रेला लागूनच ठेवतात. तळाशी कागदी गोळ्या पसरतात. मांजरांसाठीची, ओली होताच घट्ट होणारी माती टाळावी. ती पोटात गेल्यास आतड्यात अडथळा येऊ शकतो. सफाई करताना थोड्या लेंड्या मागे ठेवतात, कारण त्या वासाने सशाला जागा ओळखता येते.

सुमारे ४ ते ६ महिन्यांत वयात आलेले नर, आणि कधी माद्याही, मूत्राचे फवारे उडवतात. निर्बीजीकरणानंतर हे बहुधा कमी होते. शिक्षेने मात्र केवळ भीती वाढते.

सवय लागलेला ससा अचानक ट्रेबाहेर लघवी करू लागल्यास तो खोडसाळपणा समजू नये. मूत्राशयाचा विकार किंवा सांधेदुखी हे त्याचे कारण असू शकते. सुमारे १२ तास लेंड्या न पडल्यास पचनक्रिया मंदावल्याची शक्यता असते व पशुवैद्यकाकडे तातडीने न्यावे लागते.