वैभववाडी रेल्वे अपघात (२००३)

वैभववाडी रेल्वे अपघात हा महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वैभववाडी स्थानकानजीक कोकण रेल्वेमार्गावर २२ जून २००३ रोजी रात्री झालेला अपघात होय. कारवारहून मुंबई सेंट्रलकडे निघालेली सुट्टीकालीन विशेष गाडी रुळांवर कोसळलेल्या दरडीवर आदळली. या अपघातात ५१ जण मृत्युमुखी पडले व अनेक जखमी झाले.

पार्श्वभूमी

रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेमार्ग १९९८ मध्ये पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. सह्याद्रीच्या पायथ्यालगत जाणाऱ्या या मार्गासाठी ९१ बोगदे खोदावे लागले, तसेच अनेक ठिकाणी डोंगर उभे कापावे लागले. मुसळधार पावसाचे पाणी जांभ्या दगडात व मातीत मुरले की अशा कापांचे उतार सैल होतात आणि माती व दगडधोंडे रुळांवर येतात.

घटना

पावसाळ्याच्या प्रारंभीच दरड कोसळून मार्ग अडला होता. अंधारात आलेल्या गाडीचे इंजिन व पुढील काही डबे दरडीवर आदळून घसरले.

परिणाम व उपाययोजना

पुढील वर्षी, १६ जून २००४ रोजी, रायगड जिल्ह्यातील करंजाडीजवळ आंबवली पुलापाशी मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळांवरील दगडांमुळे घसरली व पुन्हा जीवितहानी झाली. त्यानंतर पावसाळ्यातील कमाल वेग ताशी १२० किलोमीटरवरून ७५ किलोमीटरवर आणण्यात आला. वेग कमी असल्यास अडथळा दिसताच गाडी कमी अंतरात थांबू शकते. अतिवृष्टीत वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत उतरवला जातो. त्यासाठी काही स्थानकांवर स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली आहेत. धोक्याच्या कापांवर पोलादी जाळ्या लावणे, उतार कमी करणे आणि पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त घालणे हे अन्य उपाय होत. कोकण रेल्वेचे स्वतंत्र पावसाळी वेळापत्रक याच धोरणाचा भाग आहे.

तुलना

रेल्वेवर डोंगर कोसळल्याची याहून भीषण घटना १ मार्च १९१० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात वेलिंग्टन येथे घडली. बर्फामुळे अडकून उभ्या असलेल्या दोन गाड्या हिमकड्याने दरीत लोटल्या व ९६ जण दगावले. तेथे धोका थांबलेल्या गाडीवर चालून आला, तर वैभववाडीत धावती गाडी धोक्यावर जाऊन आदळली. म्हणून वेलिंग्टननंतर रुळांवर छपरे व पुढे नवा बोगदा बांधण्यात आला, तर कोकणात वेगनियंत्रणावर भर देण्यात आला.