सतरा वर्षं पूर्ण झाली? मग लोकशाहीचा पहिला धडा आता घरात

मतदानाच्या दिवशी मोहल्ल्यातल्या केंद्राबाहेर एक दृश्य आपण नेहमी पाहतो. हातात मतदार ओळखपत्र आहे, पण यादीत नाव नाही. थोडी वादावादी होते आणि माणूस मत न देताच घरी परततो. कार्ड असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, आणि त्या दिवशी नाव घालताही येत नाही.

ही साधी गोष्ट मुलांच्या कानावर फारशी पडत नाही. नागरिकशास्त्र परीक्षेपुरतं पाठ होतं आणि संपतं. म्हणून दहावीपासून पदवीपर्यंतच्या मुलामुलींना घरी आणि शाळेत काय शिकवता येईल, ते आम्ही इथे एकत्र देत आहोत.

हक्क कुठून आला?

संविधानाचं कलम ३२५ सांगतं की धर्म, वंश, जात किंवा लिंग यावरून कुणालाही मतदार यादीबाहेर ठेवता येणार नाही. कलम ३२६ प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताचा हक्क देतं. आधी वयाची अट २१ होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ती १८ झाली.

नोंदणी कधी?

१७ वर्षं पूर्ण झाली की नमुना क्रमांक ६ आगाऊ भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या वर्षातल्या चार पात्रता तारखा आहेत. ज्या तारखेपर्यंत १८ पूर्ण होतात, त्यानुसार नाव यादीत येतं. अर्ज ऑनलाइन किंवा आपल्या भागातल्या बीएलओकडे द्यावा. अडलं तर १९५० हा मदत क्रमांक आहे.

अर्ज मुलाला किंवा मुलीला स्वतः भरू द्या. अब्बूंनी शेजारी बसावं, पेन हातात घेऊ नये.

यादी वाचायला शिकवा

आपल्या केंद्राची यादी काढा आणि मुलांना घरातली सगळी नावं शोधायला लावा. आपल्याकडे घोळ बहुधा इथेच असतो. एका कागदावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर ‘मो.’, कुठे ‘शेख’ आधी, कुठे शेवटी, अम्मीच्या नावापुढे ‘बी’ की ‘बेगम’, हेही ठरलेलं नसतं.

- चूक दुरुस्त करायची किंवा पत्ता बदलायचा असेल तर नमुना ८. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव याच अर्जाने नव्या पत्त्यावर येतं.
- वारलेल्या माणसाचं नाव काढण्यासाठी नमुना ७.
- एका वेळी दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही. गावातलं की शहरातलं, ते ठरवा.

महाराष्ट्रात महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकांनाही विधानसभेचीच यादी वापरली जाते. तिथे नाव राहिलं की नगरसेवक आणि सरपंच निवडतानाही आपण बाहेरच.

शाळेत काय करता येईल?

वर्गप्रमुख सरांनी नेमण्याऐवजी गुप्त मतदानाने निवडा. उमेदवाराने काय करणार ते सांगावं आणि तीन महिन्यांनी वर्गाने त्याला हिशेब विचारावा. हरलेल्याने निकाल मान्य करायचा, हेही तिथेच शिकता येतं.

पालकांनीही मागे राहू नये. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. अम्मी समितीत बसून शौचालयाच्या पाण्याबद्दल विचारते, हे पाहून मुलगी जे शिकेल ते पुस्तकातून येणार नाही.

मत दिल्यावर पुढची पाच वर्षं

गावात वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि नियमित सभेआधी महिलांची वेगळी सभा. शहरात रस्ता, गटार, दवाखाना यांबद्दल माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो; उत्तराची मुदत साधारण ३० दिवस. एक अर्ज कॉलेजच्या मुलांकडून लिहून घ्या.

२५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस असतो. त्या दिवशी भाषणं होतातच. आमचं सांगणं इतकंच की भाषणानंतर अर्धा तास मोहल्ल्याची यादी उघडून बसा. कोणाचं नाव नाही, ते मुलांनाच शोधू द्या.