पांढऱ्या पट्ट्याची ऐट

टायर काळाच असतो, असे आपण धरून चालतो. रबराच्या झाडाचा चीक मात्र दुधासारखा पांढरा. त्यात झिंक ऑक्साइडची पांढरी पूड मिसळत, म्हणून मोटारींचे सुरुवातीचे टायर पांढुरके असत आणि लवकर झिजत. १९१० नंतर रबरात काजळी मिसळू लागले, तसे टायरचे आयुष्य कैक पटींनी वाढले. पण रस्त्याला घासतो तो टायरचा माथा. मग बाजूंना काजळी कशाला वाया घालवा? म्हणून काही कारखानदारांनी बाजू पांढऱ्याच ठेवल्या. पुढे जो पट्टा श्रीमंतीची खूण झाला, तो असा मुळात काटकसरीतून आलेला! त्या काळी उलट पूर्ण काळा टायर भारी मानत.

१९३०च्या दशकात अमेरिकेत पारडे फिरले. काळे टायर सर्रास झाले आणि रुंद पांढरा पट्टा खास मोटारींवर मिरवू लागला. अमेरिकी मोटारींबरोबर ती आवड मुंबईतही आली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला आधी डॉज-प्लिमथ जुळवल्या, नंतर फिएट काढली. ज्यांना तसे टायर परवडत नसत ते रिम आणि टायरच्या मधे पांढऱ्या रबराची चकती बसवत. कुणी सरळ रंगच लावी.

आमच्या ओझरला विघ्नहराच्या दर्शनासाठी अशा मोटारी यायच्या. नारायणगावहून येताना पावसाळ्यात चिखल ठरलेला. मालक मंडळी देवळात गेली, की ड्रायव्हर बादली, साबण आणि काथ्या घेऊन चाकांपाशी उकिडवा बसे. चारही पट्टे लख्ख होईपर्यंत त्याचे दर्शन लांबणीवर. मला त्या गाड्या फार देखण्या वाटत, आजही वाटतात. पण तो पट्टा घासायला माणूस ठेवलाय, हेच त्यातून सांगायचे असे, असे माझे मत आहे.

१९६०च्या दशकात पट्टा अरुंद होत गेला आणि हळूहळू नव्या मोटारींवरून दिसेनासा झाला. जुन्या गाड्यांचे शौकीन मात्र तो आजही मुद्दाम मिळवतात. तो बनवणे सोपे नाही. काळ्या रबरातली तेले झिरपून पांढरा भाग पिवळट पडतो, म्हणून दोहोंच्या मधे डाग न पाडणाऱ्या रबराचा वेगळा थर घालावा लागतो.