रात्रीचा चोर, दिवसाचा चोर

परिसरात घरफोडी झाली, की मिस्सानंतर आम्हांला एक प्रश्न हमखास विचारण्यात येतो : 'फादर, दार फोडून आत शिरणाऱ्यावर घाव घातला आणि तो दगावला, तर ते पाप का?' प्रश्न फार जुना आहे. निर्गमाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायाच्या आरंभीच तो आढळतो. घर फोडताना सापडलेला चोर मार बसून मेला, तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही. मात्र सूर्य उगवला असेल, तर दोष आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ 'खणून आत शिरणे' असा आहे. भिंती मातीच्या असत. दिवसाच्या चोराने भरपाई द्यावी, ऐपत नसल्यास त्याला विकावे. म्हणजे उजाडताच तो ऋणको ठरतो, आणि त्याच्या रक्ताचा जाब द्यावा लागतो.

रोमन लोकांच्या बारा पट्टिकांतही (इ. स. पूर्व ४५१-४५०) हाच भेद आहे. रात्रीच्या चोराचा वध कायदेशीर. दिवसा मात्र त्याने शस्त्र उगारले तरच, आणि तेही आरडाओरड करून लोकांना बोलावल्यावर.

असे का? संत ऑगस्टीन कारण देतो : उजेडात आलेला माणूस चोरीसाठी आला की खुनासाठी, हे ओळखता येते, अंधारात येत नाही. तथापि तोच संत पब्लिकोलाला लिहिलेल्या पत्रात, खाजगी माणसाने स्वतःच्या बचावासाठी दुसऱ्याचा जीव घ्यावा, हे आपल्याला रुचत नाही, असे कळवतो.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस अभ्यासला, तो कृतीच्या दुहेरी परिणामाच्या तत्त्वासाठी. त्याच लेखात निर्गमातील चोर आणि पब्लिकोलाचे पत्र समोरासमोर उभे आहेत, याकडे तेव्हा आमचे लक्ष गेले नव्हते! थॉमस तोडगा काढतो तो हेतूवरून. बचावाचा हेतू असावा, मारण्याचा नव्हे. आणि बळ गरजेपुरतेच असावे. जास्त वापरले, तर कृती अनुचित. परंतु दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून माफक प्रतिकारही सोडून देणे तारणासाठी आवश्यक नाही, असेही तो निःसंकोच सांगतो.

आपल्या देशात मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली मसुदा केला, त्यातून १८६० ची दंडसंहिता झाली. घरफोडीचे पहिलेच उदाहरण तिने दिले, ते भिंतीला भोक पाडून आत हात घालणाऱ्याचे. निर्गमातला चोर जणू कायद्याच्या पुस्तकात उतरला. कलम १०३ ने रात्रीच्या घरफोड्याविरुद्ध प्राण घेण्यापर्यंतचा बचाव मान्य केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये तर 'सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी' असे शब्दच आले आहेत. दिवसा एवढी मुभा नाही. मृत्यूची वा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तरच.

प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही आणखी दोन कलमे दाखवतो. कलम ३७ : बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांना बोलावण्यास अवधी असेल तर हा हक्कच उरत नाही. कलम ४३ : रात्रीच्या घरफोडीने सुरू झालेला गृहप्रवेश चालू असेतोवरच हा बचाव टिकतो. रिकाम्या हाताने उंबरठ्याबाहेर पळालेल्या चोरावर कोयता चालवणाऱ्याला या कलमाचा आधार नाही, थॉमसचाही नाही.