परीक्षेतील कॉपी : दोष कोणाचा?

विद्यार्थी कॉपी का करतात, असा प्रश्न निघाला की आपण मुलांकडे बोट दाखवून मोकळे होतो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि आपल्या रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले डॉ. रा. गो. भांडारकर होते. पुढे परीक्षेचा दाखला हाच नोकरीचा दरवाजा झाला. त्याच काळात मुंबई इलाख्यात खाजगी शाळांचे सरकारी अनुदान परीक्षेच्या निकालावरून ठरू लागले. मूल नापास झाले की शाळेचेही नुकसान!

राजकोटच्या हायस्कूलमधील प्रसंग महात्मा गांधींनी आत्मचरित्रात सांगितला आहे. तपासणीस आले असता ‘केटल’ हा शब्द त्यांनी चुकीचा लिहिला. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने शेजाऱ्याची पाटी पाहण्याची खूण केली. वर्गाची लाज राखण्यासाठी शिक्षकच कॉपी सुचवीत होते!

महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी १९८२ साली कायदा झाला. २०१० साली नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम कसोशीने राबविली. प्रथम निकाल घसरला; परंतु खरी स्थिती तरी कळली, आणि रोग कळल्यावाचून औषध देता येत नाही.

रत्नागिरी येथे २०१२ पासून कोकण विभागीय मंडळ आहे. दहावी-बारावीच्या निकालात कोकण सातत्याने राज्यात आघाडीवर असते, याचा आपणांस अभिमान वाटतो. पण आकड्याचा अभिमान हा आकड्याचा हव्यास होता कामा नये.

कायदा परीक्षागृहाचे दार राखील. मन राखणे हे शाळेचे व घराचे काम आहे. शाळांनी वर्षभर लहान चाचण्या घ्याव्यात, चुका त्या त्या वेळी समजावून द्याव्यात, कच्च्या मुलांसाठी जादा तास ठेवावेत. घोकंपट्टीने सुटणारे प्रश्न कमी करून विचार करावयास लावणारे प्रश्न द्यावेत. मुख्य म्हणजे शिक्षकाने निकालासाठी कधीही डोळेझाक करू नये.

पालकहो, गुणपत्रिका हाती येताच “किती मिळाले?” एवढेच न विचारता “काय समजले?” हेही विचारा. विद्यार्थी मित्रांनो, नापास झालेला पुन्हा परीक्षेस बसू शकतो. पण उसन्या उत्तरांवर पास झालेल्याला पुढच्या इयत्तेत कोण सावरणार?