दिनविशेष : १७ जुलै – गोंड लेकीचा वाटा

१७ जुलै २०२५. नवी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. संजय करोल व न्या. जॉयमाल्य बागची यांच्या खंडपीठाने छत्तीसगडमधील एका गोंड स्त्रीच्या वारसांना आजोळच्या जमिनीत मामांच्या बरोबरीचा वाटा दिला. खालच्या तिन्ही न्यायालयांत ते हरले होते.

लेकीला वाटा देण्याची रूढी आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्नच फिरवला : वाटा नाकारणारी रूढी आहे, याला पुरावा काय? तो कोणी दिलाच नव्हता. पुराव्याचे ओझे लेकीवरून उतरले, हेच या निकालाचे खरे मोल. १९५६चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आजही लागू नाही. त्यामुळे आदिवासी स्त्रीला हा आधार फार मोठा आहे.

कामरगाव परिसरातील आदिवासी मायबहिणींनो, माहेरच्या जमिनीतला वाटा सोडणाऱ्या हक्कसोडपत्रावर सही-अंगठा करण्याआधी या निकालाबद्दल वकिलाला जरूर विचारा.